मागच्या चाकाचे स्पोक पुन्हा पुन्हा तुटतायत? आऊट काढण्याआधी हे बघा

पहिला स्पोक वरंध घाटात तुटला. भोरकडून महाडला उतरत होतो, दोन्ही पॅनिअर (कॅरिअरच्या बाजूंना लटकणाऱ्या पिशव्या) गच्च भरलेले, रस्ता उखडलेला, आणि मागून ‘टण्ण’ असा आवाज आला. दगड उडाला असेल म्हणून तसाच पुढे गेलो. थोड्या वेळाने मागचा ब्रेक चाकाच्या दर फेरीला एकदा घासायला लागला, तेव्हा उतरून पाहिलं. उजव्या बाजूची एक तार हबपाशी, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यापाशी, तुटून लोंबत होती. मी मागचा ब्रेक सोडून दिला आणि उरलेला घाट पुढच्या ब्रेकवर, जीव मुठीत धरून उतरलो. हे करू नका. काय करायला हवं होतं ते पुढे सांगतो.

पुण्यात आल्यावर स्पोक बदलला, चाकाचा आऊट (फिरताना रिंगेचं डावी-उजवीकडे डुलणं) काढून घेतला आणि विषय संपला असं समजलो. ही सायकल माझी टूरचीही आणि रोजचीही. कोथरूड ते हिंजवडी, जाऊन-येऊन ३४ किलोमीटर, कॅरिअरवर लॅपटॉप, डबा, रेनकोट आणि कुलूप. तीन आठवड्यांनी दुसरा स्पोक गेला. मग तिसरा. पाच महिन्यांत सात. प्रत्येक वेळी दुकानात तेच संभाषण: “साहेब, वजन जास्त होतंय.” माझं की सामानाचं, हे विचारायचं धाडस झालं नाही.

वजन हे कारण अर्धंच खरं आहे. रोज सकाळी दुधाच्या किटल्या लटकवून जाणारी काळी सायकल आठवा. तिच्यावर माझ्या दुप्पट ओझं असतं आणि तिच्या तारा वर्षानुवर्षं टिकतात. त्या सायकलच्या मागच्या चाकाला पारंपरिकपणे ४० तारा असतात, पुढच्याला ३२. मागे एकच फ्रीव्हील असल्याने चाकाच्या दोन्ही बाजू जवळपास सारख्या ताणलेल्या असतात. आपल्या गिअरच्या सायकलला हे सुख नाही. उजवीकडे आठ-नऊ चकत्यांची कॅसेट बसवायची म्हणून हबची उजवी फ्लँज (स्पोक ओवायची भोकं असलेली कडा) आत सरकवलेली असते. त्यामुळे उजवीकडचे स्पोक जास्त उभे आणि जास्त ताणलेले, डावीकडचे तिरके आणि सैल. चांगल्या बांधलेल्या चाकातही डाव्या बाजूचा ताण उजवीच्या साधारण ५० ते ६० टक्केच असतो. त्यात माझ्या चाकाला स्पोक ३२. म्हणजे मुळातच फार सवलत नाही. पण ३२ स्पोकवर जग फिरून आलेली माणसं आहेत, तेव्हा तेवढ्यावर खापर फोडून चालणार नव्हतं.

तुटलेला स्पोक फेकू नका

दुकानदार तो कचऱ्यात टाकतो. मागून घ्या, कारण तो कुठे तुटलाय यावर निम्मं निदान होतं.

हबपाशी, डोक्याजवळच्या बाकात तुटला असेल तर धातू थकून तुटलाय. बांधकामावरची बाइंडिंगची तार मागे-पुढे वाकवून तोडतात ना, तेच इथे लाखो वेळा, अगदी सूक्ष्म प्रमाणात होत असतं. पुन्हा पुन्हा होणारी तुटातुट बहुतेक वेळा हीच असते आणि ही पोस्टही तिच्याबद्दलच आहे.

निपलपाशी (रिंगेतला, स्पोक घट्ट करायचा छोटा नट), आट्यांवर तुटला तर लांबी चुकलेली असते किंवा गंज लागलेला असतो. स्पोक आखूड असला की आटे निपलच्या डोक्यापर्यंत पोचत नाहीत, आणि मग कधी स्पोक तुटतो, कधी निपलचंच डोकं उडतं. मधोमध तुटला किंवा वाकला तर बाहेरून काहीतरी लागलंय: काठी, दुसऱ्या सायकलचं पेडल, पार्किंगमधली ओढाताण. असा एखादा तुटला तर बदला आणि विसरून जा.

याखेरीज दोन नोंदी ठेवा: डावीकडचा की उजवीकडचा, आणि फ्लँजच्या आतून जाणारा की बाहेरून. मी हे चौथ्या स्पोकपासून एका जुन्या वहीत लिहायला लागलो, म्हणून पुढचं सगळं कळलं. सातांपैकी पाच उजवीकडचे होते, दोन डावीकडचे. सगळे बाकातच तुटलेले. आणि उजवीकडचे जे मी जपून ठेवले होते ते सगळे बाहेरून, म्हणजे कॅसेटच्या बाजूने जाणारे.

सैल स्पोक का तुटतो

हे बहुतेकांना उलटं वाटतं. ताण जास्त झाला म्हणून तुटलं, आता जरा ढिलं ठेवू, असा सल्ला मला दोन ठिकाणी मिळाला. तो चूक आहे.

चाकावर वजन पडतं तेव्हा वरचे स्पोक आपल्याला ओढून धरतात असं वाटतं. प्रत्यक्षात मोठा बदल खाली होतो. जमिनीला टेकलेल्या भागातल्या चार-पाच स्पोकचा ताण कमी होतो, आणि चाक पुढे गेलं की परत येतो. प्रत्येक स्पोक दर फेरीला एकदा सैल होऊन पुन्हा ताणला जातो. ३५ मिलिमीटर टायरचं ७०० चं चाक एका किलोमीटरला सुमारे ४६० फेऱ्या मारतं. माझ्या ३४ किलोमीटरचे दिवसाला पंधरा हजारांवर हेलकावे होतात, महिन्याचे २४ दिवस धरले तर पावणेचार लाख.

स्पोकमध्ये मुळात भरपूर ताण असेल तर तो या हेलकाव्यात थोडा कमी होतो, पण कायम ताणलेलाच राहतो. मुळात सैल असेल तर खड्ड्यात तो पूर्ण ढिला पडतो, बाक फ्लँजच्या भोकात हलतो, आणि पुढच्या क्षणी पुन्हा झटका बसून ताणला जातो. निपलही अशाच वेळी आपोआप फिरून आणखी सैल होतो. सैल स्पोक स्वतः तर मरतोच, शिवाय त्याच्या वाट्याचं ओझं शेजाऱ्यांवर टाकून जातो.

आता दुकानात काय होतं ते बघा. उजवीकडचा स्पोक तुटला की रिंग त्या जागी डावीकडे जाते. नवा स्पोक घातल्यावर तो शेजाऱ्यांइतका घट्ट करायला हवा. पण घाईत रिंग जाग्यावर आणायचा सोपा मार्ग म्हणजे डावीकडचे दोन-तीन सैल करणं. आऊट निघतो, चाक ब्रेकच्या मध्ये सुरेख फिरतं, गिऱ्हाईक खूश. असं सात वेळा झालं की चाक दिसायला सरळ आणि आतून पोकळ होतं. आऊट काढणं आणि ताण सारखा करणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुकानात पैसे आपण पहिल्याचे देतो.

माझ्या डावीकडच्या दोन स्पोकचं कोडं इथे सुटलं. हाताने चिमटीत धरून दाबले तर डावीकडचे काही स्पोक अक्षरशः लुळे होते.

उजवीकडचे पाच मात्र वेगळ्याच कारणाने गेले होते

घराजवळ एक वयस्कर मेकॅनिक आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांच्याकडे कॅसेट काढायचं हत्यार नव्हतं, ते मी विकत घेऊन गेलो: लॉकरिंगचा सॉकेट आणि चेनचा तुकडा लावलेली दांडी. कॅसेट निघाली आणि मामांनी अंगठ्याने फ्लँज पुसली. बाहेरून जाणाऱ्या आठही जागी बाकाजवळ खाचा पडलेल्या, करवतीने ओरखडल्यासारख्या. जे नवे घातले होते त्यातले दोनसुद्धा.

“चेन पडते का आत?”

पडत होती. घाटात सर्वांत मोठ्या चकतीवर टाकताना दोनदा पडली होती, आणि ऑफिसच्या वाटेवर चांदणी चौकाच्या चढालाही. मी ती हाताने काढून, बोटं चड्डीला पुसून पुढे गेलो होतो. चेन मोठ्या चकतीच्या पलीकडे जाऊन स्पोकमध्ये घुसली की नेमकी याच बाहेरच्या स्पोकच्या बाकावर चढते. थकव्याची भेग सुरू व्हायला अशी एक खाच पुरते. म्हणून ते एकामागून एक जात होते आणि नव्यालाही तेच भोगावं लागत होतं.

चेन का पडत होती? सायकल एकदा टेम्पोतून आणली होती, उजव्या कुशीवर आडवी टाकून. मागचा डिरेलर (गिअर बदलताना चेन एका चकतीवरून दुसरीवर नेतो तो) जिथे लटकतो तो हँगर किंचित आत वाकला होता. मागे उभं राहून बघा: डिरेलरच्या दोन छोट्या चकत्या आणि वरची कॅसेटची चकती एका उभ्या रेषेत दिसायला हव्यात. माझ्या खालच्या बाजूने स्पोककडे झुकलेल्या होत्या. फ्रेम पोलादी असेल तर हँगर योग्य हत्याराने सरळ करता येतो. ॲल्युमिनियमचा सुटा हँगर असेल तर सरळ करण्यापेक्षा बदललेला बरा, आणि एक जादा जवळ ठेवावा.

हँगर सरळ झाल्यावर डिरेलरवरचा ‘एल’ लिहिलेला स्क्रू बघायचा. तो घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवला की डिरेलरची आत जाण्याची हद्द कमी होते. सर्वांत मोठ्या चकतीवर चेन ठेवा, पेडल हाताने फिरवत डिरेलर अंगठ्याने स्पोककडे ढकला. चेन चकती ओलांडायला नको. हे तपासायला दोन मिनिटं लागतात आणि मी ते पाच महिने केलं नव्हतं. नव्या सायकलींना कॅसेटमागे पारदर्शक प्लॅस्टिकची तबकडी असते, ती ‘बावळट दिसते’ म्हणून पहिल्या आठवड्यात काढून टाकणाऱ्यांपैकी मी एक.

मामांचा उपाय होता जाड तार. “तेरा नंबरची टाकतो, बापजन्मात तुटणार नाही.” इथे मी त्यांचं ऐकलं नाही. नेहमीचा स्पोक १४ गेज, म्हणजे २ मिलिमीटरचा. १३ गेजचा २.३ मिलिमीटर, आणि त्या जाडीसाठी न बनवलेल्या हबच्या भोकांत तो नीट बसत नाही. शिवाय जाड स्पोक कमी लांबतो, त्यामुळे रिंग जराशी दबली तरी त्याचा ताण झपकन उतरतो. मध्ये बारीक केलेले, दोन्ही टोकांना २ आणि मध्ये १.८ मिलिमीटरचे स्पोक उलट जास्त टिकतात. मध्यभाग थोडा ताणला जातो आणि बाकावरचा झटका कमी होतो. कानाला विचित्र वाटतं, पण लांबच्या टूरवाले हेच वापरतात. मामा माझ्यावर अजून थोडे नाराज आहेत.

ताण कानाने तपासणं

ताण मोजायचं यंत्र मिळतं, पार्क टूलचा टीएम-१ बऱ्याच जणांकडे असतो. उजव्या बाजूचा ताण सर्वसाधारणपणे १०० ते १२० किलोच्या आसपास लागतो, नेमकी मर्यादा रिंग बनवणारा सांगतो. यंत्र नसेल तर कान वापरा. मित्राकडून मागून आणता येईल तेव्हा यंत्राने खातरजमा करा, पण एका बाजूचे स्पोक एकमेकांशी जुळतात का हे कान छान सांगतो.

सायकल उलटी करा, मागची हवा पूर्ण सोडा (फुगलेला टायर रिंगेवर दाब देऊन ताण उतरवतो). व्हॉल्व्हपासून सुरू करून एकाच बाजूचे स्पोक, म्हणजे एकाआड एक, रिंगेजवळ नखाने छेडत जा. तंबोऱ्याची तार छेडतो तसं. एका बाजूचे सगळे साधारण एका सुरात यायला हवेत. ताण आणि सूर यांचं गणित असं की ताण दुप्पट झाला तर सूर दुप्पट होत नाही, सुमारे १.४ पट होतो. म्हणून शेजारच्या दोन स्पोकमध्ये सा-रे एवढा फरक ऐकू आला तर ताणात पाव भागाचा फरक आहे, जो बराच झाला. डावी आणि उजवी बाजू मात्र एका सुरात येणार नाहीत, आणू पण नका. डावीकडच्याला सा धरलं तर उजवीकडचे गंधार-मध्यमाच्या आसपास बोलतात. माझ्या चाकात डावीकडचे काही ‘थप्प’ एवढंच बोलत होते.

सैल निघालेल्यांवर टेपचा तुकडा लावा. प्रत्येक निपलला तेलाचा थेंब द्या आणि रात्रभर ठेवा. पावसाळा काढलेल्या चाकात हा टप्पा गाळला तर निपल गोल होतो आणि मग नवीनच काम उभं राहतं. निपलची चावीही मापाची घ्या, ३.२ ते ३.५ मिलिमीटरमध्ये मापं असतात आणि सगळ्या मापांच्या खाचा असलेली गोल स्वस्त चावी एकाही मापाला नीट बसत नाही.

दिशा चुकते सगळ्यांची. टायर काढून रिंगेच्या बाहेरून निपलच्या डोक्याकडे पाहताय असं समजा. तिथून घड्याळाच्या काट्याप्रमाणे म्हणजे घट्ट. हबच्या बाजूने बघताना तेच उलटं दिसतं. एका वेळी पाव फेरा, फार तर अर्धा. रिंग किती हलते ते बघायला दुकानातला स्टँड लागत नाही, फ्रेमला रिंगेजवळ एक केबल टाय आवळा आणि त्याचं टोक रिंगेपासून केसभर अंतरावर कापा. रिंग एखाद्या जागी उजवीकडे गेली असेल तर आधी ऐका: तिथला उजवा स्पोक जास्त घट्ट आहे की डावा सैल? जो सुरातून गेलाय त्यालाच हात लावा. दुकानात नेमकं हेच ऐकलं जात नाही.

घट्ट करताना स्पोक स्वतःभोवती पिळला जातो. म्हणून हवं त्यापेक्षा किंचित पुढे जाऊन तेवढंच मागे या. सगळं जुळलं की हातमोजे घालून एका बाजूचे समांतर जाणारे दोन-दोन स्पोक मुठीत धरून जोरात आवळा, चाकभर. ‘पिंग पिंग’ आवाज येतील, घाबरू नका. बाक फ्लँजवर नीट बसतात आणि वाकवताना धातूत राहिलेला अंतर्गत ताण निघून जातो. नव्या बांधलेल्या चाकात ही आवळणी राहून गेली तर पहिल्या हजारभर किलोमीटरांतच तुटायला सुरुवात होऊ शकते. मग पुन्हा एकदा आऊट बघा. शंभर किलोमीटरनंतर परत.

एक अडचण राहते. खड्ड्यात रिंगच चेपली असेल तर ती स्पोक ओढून सरळ करू नका. सरळ दिसेल, पण त्या भागातला ताण कायम वेडावाकडा राहील. निपलच्या भोकांभोवती बारीक भेगा दिसल्या तरीही रिंग गेली असं समजा.

किती स्पोक बदलायचे?

माझं मत: बाकात तुटलेला एक स्पोक म्हणजे अपघात, दुसरा तुटला की चाकाचा ताण तपासा, तिसरा तुटला की त्या बाजूचे सगळे बदला. उरलेल्यांनी तेवढेच हेलकावे खाल्लेले असतात. मी शेवटी अख्खं चाक नव्याने बांधलं: ३६ भोकांची दुपदरी रिंग, ३६ चा हब, मध्ये बारीक केलेले स्टेनलेस स्पोक, प्रत्येक स्पोक तीन वेळा ओलांडून. निपल पितळेचे. ॲल्युमिनियमचे हलके असतात, पण कोकणातल्या खाऱ्या हवेत आणि आपल्या चार महिन्यांच्या पावसात ते स्पोकला धरून बसतात. रिंग तीच ठेवून फक्त स्पोक बदलले असते तरी चाललं असतं. ३६ चा मोह मला आवरला नाही, एवढंच.

लांबी मोजताना बाकाच्या आतल्या कडेपासून आट्यांच्या टोकापर्यंत मोजतात. उजवीकडचे डावीकडच्यांपेक्षा एक-दोन मिलिमीटर आखूड असतात. जुना स्पोक घेऊन दुकानात जायचं तर दोन्ही बाजूंचे न्या.

रस्त्यात तुटला तर

थांबा. तुटलेला तुकडा काढा, किंवा शेजारच्या स्पोकला गुंडाळा, नाहीतर तो डिरेलरमध्ये जाईल. तुटलेल्याच्या दोन्ही बाजूंचे, म्हणजे विरुद्ध फ्लँजवरचे दोन शेजारी अर्धा-अर्धा फेरा सैल करा. रिंग मध्ये येते आणि ब्रेक चालू राहतो. घाटात मला हे माहीत असतं तर मागचा ब्रेक सोडावा लागला नसता. जड पॅनिअर पुढे घेता येत असेल तर घ्या, नाहीतर सामान एखाद्या गाडीने पुढे पाठवा आणि सावकाश घरी या. हे दोन सैल केलेत हे दुकानात आठवणीने सांगा, म्हणजे ते परत घट्ट होतील.

डावीकडचा स्पोक रस्त्यात बदलता येतो. उजवीकडच्यासाठी कॅसेट काढावी लागते; त्यावर तोडगा म्हणून कॅसेट न काढता हबच्या भोकातून ओवायचा दोरीचा तात्पुरता स्पोक मिळतो, तो मी ठेवतो. डिस्क ब्रेकवाल्यांना डावीकडे रोटर (ब्रेकची चकती) आडवा येऊ शकतो.

रोजच्या वापरात बाकी फार काही करत नाही. मागच्या टायरची हवा आठवड्याला बघतो. ३५ च्या टायरला मी ६० पीएसआयच्या आसपास ठेवतो, बाजूवर लिहिलेल्या मर्यादेत. कुलूप आणि चार्जर मागून काढून हँडलच्या पिशवीत टाकले. आणि गतिरोधकावर सीटवरून उठतो. बसून गेलं की सगळा मार मागच्या चाकाला, उठून गेलं की गुडघ्यांना. पन्नाशीत गुडघेही जपायला हवेत, पण त्यांचे स्पोक मिळत नाहीत.

नवं चाक बांधून दोन पावसाळे झाले. सीट ट्यूबला चार जादा स्पोक टेपने चिकटवलेत, दोन डावे, दोन उजवे, उजव्यांवर लाल नेलपॉलिशचा ठिपका. टेप उन्हाने दोनदा सुटली म्हणून बदलली. स्पोक तेच आहेत.